कशेळीच्या गाळ्यातून १९६२ मध्ये

मास्क लावा. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधा, त्याची तार अर्थिंगला जोडा आणि पंखा बंद करा. उकडेल, पण इलाज नाही. पुढचा काही वेळ इथे वारा नको आहे.

तुम्ही कशेळीत आहात. ठाण्याहून बाळकुम नाका मागे टाकून खाडीवरचा पूल ओलांडला की लागतं ते हे गाव. पुढे काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा आणि मग भिवंडी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामं, मधोमध मेट्रो-५ चे खांब. ऑगस्टचा पाऊस गाळ्याच्या पत्र्यावर धो धो वाजतो आहे आणि शटरखालच्या फटीतून खाडीचा खारट, ओला वास आत येतो आहे. समोरच्या टेबलावर एक लोखंडी सांगाडा ठेवला आहे. त्यात उभी खोचलेली कार्डं आहेत, आणि त्यांच्या मधोमध दोन जाड पत्र्यांत आवळून बसवलेली एक चौकोनी चौकट. कुठल्याशा जुन्या कचेरीच्या भंगारातून ती इथवर आली. टेम्पोतून उतरवणाऱ्या हमालाने विचारलंही, "दादा, याच्यात सोनं किती निघतं?"

त्याच्या प्रश्नाचं उत्तर आपण देऊ. त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हा सांगाडा मी कल्पनेने तुमच्या टेबलावर ठेवला आहे, आणि वाटेत भेटणारी बिननावाची माणसंही कल्पनेतली आहेत. पण ज्या सालांत तुम्हाला घेऊन जाणार आहे ती सालं, ती यंत्रं आणि त्या संस्था खऱ्या आहेत. जुन्या बोर्डावरची घाण थराथराने बसलेली असते. वरचा थर सगळ्यात अलीकडचा, खालचा सगळ्यात जुना. ती त्याच क्रमाने उतरवायची असते, म्हणून आपला प्रवासही आजपासून मागे मागे जाईल.

ब्रश उचलण्याआधी कॅमेरा घ्या. सांगाड्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक कार्ड कुठल्या खाचेत होतं, कुठल्या बाजूला तोंड करून होतं, कुठल्या वायरीचा रंग कुठे जातो, सगळं टिपा. दोन कार्डं दिसायला हुबेहूब असतात, पण त्यांची अदलाबदल झाली तर वीज देताच दोन्ही जळू शकतात. चिकटलेले कागद, पेन्सिलीने लिहिलेले आकडे, कुणीतरी लावलेली कापडी पट्टी, यांतलं काहीही पुसू नका. कुण्या इंजिनिअरने कार्डाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलेली तारीख हाच पुष्कळदा त्या यंत्राचा एकमेव उरलेला दाखला असतो.

आता मऊ, खऱ्या केसांचा ब्रश. दुसऱ्या हातात व्हॅक्यूमची नळी, तिच्या तोंडावर जाळीचं फडकं, आणि नळी बोर्डापासून चार बोटं लांब. ब्रशने धूळ उठवायची, नळीने ओढून घ्यायची. कॉम्प्रेसरच्या हवेचा झोत मारायचा मोह होईल, कारण शेजारच्या गॅरेजात तो आहे आणि काम मिनिटात उरकेल. तसं केलंत तर धूळ कनेक्टरच्या पोटात जाऊन बसेल आणि हवेबरोबर आलेलं तेल-पाणी वर शिंपडलं जाईल.

वरचा करडा थर रस्त्याचा आणि सिमेंटचा आहे. तो या काही वर्षांतला, पुलाच्या आणि मेट्रोच्या कामाचा. तो कोरडा आहे, सहज निघतो. त्याखाली मात्र ब्रश अडतो. चिमटा घ्या. आयसींच्या पायांमध्ये, रेझिस्टरच्या खाली, पांढरट तंतूंचा गुंता आहे. चिमट्याने एक टोक धरून हलकेच ओढा.

ओढता ओढता आवाज येऊ लागतो. खटक-खटक, खटक-खटक, थांबत नाही. तुम्ही मेट्रोच्या कामाआधीच्या भिवंडीत आहात. भिंतीपलीकडे यंत्रमाग चालू आहेत आणि धोटा दिवसरात्र धावतो आहे. मागावर काम करणाऱ्यांच्या भुवयांवर, बनियनवर, ट्यूबलाइटच्या पट्टीवर, सगळीकडे कापसाचे तंतू. हवेत तरंगणारे ते तंतू खिडकीतून येतात आणि कोपऱ्यात रचून ठेवलेल्या खोक्यांवर बसतात. त्यातल्या एका खोक्यात तुमचा सांगाडा आहे.

नुसता कापूस बोर्डाला फारसं काही करत नाही. पण इथे खाडी आहे. खाडीच्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात, मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि कापूस ते पाणी धरून ठेवतो. दोन पायांमध्ये असा ओला, खारट तंतू पडला की तिथून अगदी किंचित वीज झिरपू लागते. यंत्र बंद पडत नाही, पण चुकू लागतं. चुकतं तेही पावसाळ्यात आणि सकाळच्या वेळी. दुपारी बोर्ड तापून सुकले की पुन्हा बरोबर. अशा दोषाचा माग काढताना भलेभले थकतात. उलट बोर्डावर वीज नसेल तर तोच ओलावा तांब्याला आतून खात जातो आणि हिरवा गंज चढतो. म्हणून हे तंतू ब्रशने पसरवायचे नाहीत. एकेक उचलायचा.

हे करताना वेळ जातो. जाऊ द्या.

आता खालच्या बाजूची काही कार्डं बाहेर काढा. त्यांच्यावर एका उंचीपर्यंत तपकिरी रेष आहे आणि रेषेखाली सगळं मातीने माखलेलं. नख लावलं तर माती भुगा होऊन पडते.

२६ जुलै २००५. दिवसभरात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तो दिवस. उल्हास नदीने बदलापूर-कल्याणपासून काठ सोडला आहे, खाडी फुगली आहे, आणि तुम्ही अंधाऱ्या गोदामात गुडघाभर पाण्यात उभे आहात. वरच्या फळ्यांवर कापडाचे तागे चढवले जात आहेत, कारण तागे विकायचे आहेत. खालच्या फळीवरचा सांगाडा कुणाच्या खिजगणतीत नाही. पाणी चढतं, सांगाड्याच्या अर्ध्यावर येऊन थांबतं आणि दुसऱ्या दिवशी उतरतं. मागे गाळ राहतो.

त्या वेळी काय करायला हवं होतं हे सांगून ठेवतो, कारण या पट्ट्यात पाणी पुन्हा भरणार आहे. पुरात भिजलेला बोर्ड सुकू द्यायचा नाही. गाळ ओला असतानाच स्वच्छ पाण्याने हलकेच वाहून जाऊ द्यायचा. शेवटचं पाणी डिस्टिल्ड, म्हणजे नळाच्या पाण्यातले क्षार मागे राहत नाहीत. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते आयसींच्या खाली अडकलेलं पाणी बाहेर काढतं आणि स्वतः उडून जातं. मग सावलीत, हवेशीर जागी, उभा करून काही दिवस सुकवायचा. बोर्ड पाण्याने मरतो असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात पाण्यात असताना दिलेली वीज त्याला मारते, आणि सुकल्यावर मागे उरलेलं मीठ मारतं.

आपल्या हातातल्या कार्डांवर गाळ सुकून वीस वर्षं झाली. तेव्हा डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश आणि धीर. माती फुगून सुटू द्यायची, घासायची नाही. ट्रान्सफॉर्मर, रिले आणि कागदी चिठ्ठ्या असलेली कार्डं या आंघोळीतून वगळा. त्यांना ओल्या कापसाच्या बोळ्याने टिपायचं. कुठल्या कार्डावर निकेल-कॅडमियमची बॅटरी फुटून पांढरी-निळसर खपली धरली असेल, तर ती अल्कली आहे. तिच्यावर सोडा लावू नका. पातळ व्हिनेगरचा बोळा फिरवा आणि लगेच डिस्टिल्ड पाण्याने धुवा. आणि आयसींचे पाय काळे पडलेले दिसले तर घाबरून खरवडू नका. १९७० च्या आसपासच्या पुष्कळ आयसींच्या पायांना चांदीचा मुलामा असे. हवेतल्या गंधकाने तो काळा पडतो. दिसायला वाईट, पण वीज वाहून नेतो. खरवडलात तर खालचं लोखंड उघडं पडेल आणि ते खरंच गंजेल.

कार्डाच्या खालच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची ओळ आहे. हमालाने विचारलेलं सोनं ते हे. त्याची जाडी मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ते काढण्यासाठी बोर्ड आम्लात बुडवतात, जाळतात, आणि धूर नि शिसं पोटात घेतात. हाताला लागतं ते फार थोडं.

पट्ट्या मळकट झाल्या आहेत. तुमचा हात टेबलावरच्या खोडरबराकडे जातो आहे. थांबा.

तुम्ही १९७८ मध्ये आहात. मुंबईच्या फोर्टातली कचेरी, थंडगार केलेली खोली, आणि खोलीत आयबीएम १४०१. हे मॉडेल कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केलं होतं. मुंबईत एस्सो तेल कंपनीच्या कचेरीत १९६१ मध्ये असं एक यंत्र आलं. अमेरिकेत त्याची सद्दी केव्हाच संपली, पण आपल्याकडे पगारपत्रकं आणि हिशेब अजून त्याच्यावर निघतात. आणि आता आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळला आहे. परक्या भांडवलाचा हिस्सा कमी करण्याची सरकारची अट तिने मानली नाही. यंत्रं इथेच राहिली. ती चालू कुणी ठेवायची?

त्यासाठी सरकारने एक कंपनी काढली होती, आणि तिचं नाव होतं कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजेच सीएमसी. नवीन यंत्र बनवण्यासाठी संस्था निघतात, आणि त्यांचा गाजावाजाही होतो. असलेलं यंत्र नीट राखण्यासाठी देशाने एक अख्खी कंपनी उभारावी, हे मला आजही मोठं वाटतं. सीएमसीच्या या तंत्रज्ञांचा इतिहास मराठीत कुणी सविस्तर लिहायला हवा.

त्यांच्यातला एक तुमच्यासमोर गुडघे टेकून बसला आहे. यंत्राचं झाकण उघडलं आहे आणि आत छोट्या कार्डांच्या ओळीच्या ओळी. प्रत्येक कार्डाला १६ सोनेरी पट्ट्या. तो एक कार्ड सरळ ओढून काढतो, वाकडं न करता. न सुटणाऱ्या धाग्यांचं फडकं अल्कोहोलमध्ये भिजवतो आणि पट्ट्यांवरून एकाच दिशेने फिरवतो. फडकं काळं होतं. फडक्याची कोरी बाजू घेतो, पुन्हा फिरवतो, कार्ड परत त्याच खाचेत बसवतो. "रबर वापरलं तर लवकर चमकेल ना?" तुम्ही विचारता. तो मान हलवतो. "आज चमकेल साहेब. दहा वेळा चमकवलं की सोनं संपलं."

खोडरबरात घासणारी पूड असते, आणि तिच्यापुढे तो मुलामा टिकत नाही. खालचं निकेल किंवा तांबं उघडं पडतं, काही महिन्यांत त्यावर थर बसतो आणि संपर्क तुटू लागतो. म्हणजे ज्यासाठी घासलं तेच पुन्हा. जगभरच्या दुरुस्ती करणाऱ्यांच्या खिशात रबर असे हे खरं. त्यांना यंत्र उद्या सकाळी चालू करून द्यायचं होतं. तुम्हाला हे कार्ड आणखी पन्नास वर्षं टिकवायचं आहे. अल्कोहोल आणि फडकं पुरे.

आता मधली चौकट. चार स्क्रू आहेत. ते बारीक वाटीत ठेवा. वरचा पत्रा सरळ वर उचला, सरकवू नका. पत्र्याच्या आतल्या अंगाला कधीकाळी स्पंजचा पातळ थर होता, त्याचा आता चिकट काळा लगदा झाला आहे. तो खालच्या जाळीवर पडू देऊ नका.

भिंग डोळ्याला लावा.

आडव्या तांब्याच्या तारा, उभ्या तांब्याच्या तारा, आणि जिथे जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे एकेक काळी कडी, तिरकी उभी. कडीचा व्यास मिलिमीटरच्या आत-बाहेर. प्रत्येक कडीतून आडवी तार गेली आहे, उभी तार गेली आहे, आणि आणखी एक-दोन तारा तिरक्या फिरत सगळ्या कड्यांतून ओवल्या आहेत. भिवंडीच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही: हा ताणा, हा बाणा, आणि प्रत्येक गाठीत एक मणी. ही कोअर मेमरी. अशा जाळ्या हाताने ओवल्या जात. अमेरिकेत आणि पुढे पूर्व आशियात हजारो बायकांनी सूक्ष्मदर्शकाखाली मान मोडून हे काम केलं.

या जाळीच्या मागे जायचं तर आता मोठी उडी घ्यावी लागेल.

जानेवारी १९६२. तुम्ही अजून कशेळीतच आहात, पण गोदामं नाहीत. कापलेल्या भाताची खाचरं, खाडीकाठची तिवरं, दूरवर पारसिकचा डोंगर. महाराष्ट्र राज्य होऊन पुरती दोन वर्षं झालेली नाहीत. खाडी ओलांडून ठाणं गाठा. तिथून लोकल पकडा. याच मार्गावर १८५३ मध्ये देशातली पहिली प्रवासी गाडी धावली होती. बोरीबंदरला उतराल तेव्हा दादरकडे जाणारी ट्राम उभी दिसेल. तिची आता दोनच वर्षं उरली आहेत. तुम्ही कुलाब्याची बस घ्या आणि शेवटपर्यंत चला. समुद्राला टेकलेली पांढरी, लांबलचक नवी इमारत दिसेल. होमी भाभांनी १९४५ मध्ये स्थापन केलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था आता इथे राहायला आली आहे. याच महिन्यात पंडित नेहरू या वास्तूच्या उद्घाटनाला आले, आणि इथल्या एका यंत्राला त्यांनी नाव दिलं: टिफ्रॅक.

खोलीत शिरताच आधी गारवा लागतो, मग त्याखालची ऊब. समोर पोलादी कपाट, अठरा फूट लांब, आठ फूट उंच, अडीच फूट रुंद. दोन्ही बाजूंना पोलादी दारं. एक दार उघडं आहे आणि आत काचेच्या व्हॉल्व्हच्या नारिंगी वाती पेटल्या आहेत. असे २,७०० व्हॉल्व्ह आहेत. १,७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रेझिस्टर. डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांच्या एका लहानशा चमूने हे उभं केलं. आधी एक छोटं प्रायोगिक यंत्र बनवलं, ते १९५६ मध्ये चालू झालं. मग हे मोठं, १९६० मध्ये कामाला लागलेलं. कार्यक्रम लिहायचा तो शून्य आणि एकच्या आकड्यांत, आणि आत घालायचा तो कागदी फितीवरून. बाजूला एक कॅथोड रे ट्यूब आहे, तिच्या पडद्यावर आलेख आणि अक्षरं उमटतात. पडद्यावर अक्षरं बघणं १९६२ मध्ये किती नवलाचं आहे, हे तुमच्या खिशातला फोन क्षणभर विसरलात तरच कळेल.

पण तुम्ही आला आहात ते स्मृतीसाठी. टिफ्रॅकची स्मृती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. गुणाकार करा: ८१,९२० बिट, आणि प्रत्येक बिटासाठी एक फेराइटची कडी. आजच्या मापाने दहा किलोबाइट. मोबाइलवर येणारं 'शुभ सकाळ'चं चित्र सहसा याच्या कितीतरी पट मोठं असतं. पण त्या वेळी अशी स्मृती वापरणं म्हणजे जगाच्या बरोबरीने चालणं होतं. अमेरिकेत एमआयटीच्या व्हर्लविंड यंत्रावर जे फॉरेस्टर यांनी कोअर मेमरी बसवली ती १९५३ मध्ये. मुंबईच्या चमूने तिचा मार्ग धरला तो त्यानंतर लगेचच, जेव्हा कित्येक यंत्रं अजून पाऱ्याच्या नळ्या आणि फिरते ढोल वापरत होती.

दारापाशी उभा असलेला इंजिनिअर तुम्हाला समजावतो आहे. एका कडीला दोन दिशांनी चुंबकत्व देता येतं. एक दिशा म्हणजे शून्य, दुसरी म्हणजे एक. कडी उलटवायला जेवढा प्रवाह लागतो त्याच्या अर्धा आडव्या तारेतून सोडायचा, अर्धा उभ्या तारेतून. त्या दोन तारांवरच्या बाकी कड्यांना अर्धाच प्रवाह मिळतो, त्या ढिम्म राहतात. जिथे दोन तारा भेटतात ती एकच कडी उलटते. उलटली की तिसऱ्या तारेत एक बारीकसा ठोका उमटतो, आणि त्यावरून कळतं की आत 'एक' होता. ठोका आला नाही तर 'शून्य'.

"म्हणजे वाचताना आतलं पुसलं जातं?"

"हो. वाचायचं आणि लगेच परत लिहायचं. प्रत्येक वेळी."

"आणि वीज गेली तर?"

"लिहिता लिहिता गेली तर तो एक शब्द बिघडेल. बाकीचं आहे तिथे राहील. उद्या येऊन वाचा, नाहीतर वर्षाने."

हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा. टिफ्रॅकचे दिवस फार उरलेले नाहीत. १९६४ मध्ये याच संस्थेत सीडीसी ३६०० हे अमेरिकी यंत्र येईल आणि टिफ्रॅक विसाव्याला जाईल. पण कोअर मेमरी पुढेही राहील. जानेवारी १९६९ मध्ये तुर्भ्याला बनलेल्या टीडीसी-१२ या संगणकाचं विक्रम साराभाई उद्घाटन करतील; त्यातही ४,००० शब्दांची कोअर मेमरी असेल, आणि पुढे हैदराबादची ईसीआयएल तशी यंत्रं बनवेल. १९७० मध्ये इंटेलची १,०२४ बिटांची चिप बाजारात येईल आणि काही वर्षांतच हाताने ओवलेल्या कड्या महाग पडू लागतील. त्या चिपमधली स्मृती मात्र वीज गेली की कोरी होते.

परत कशेळीत या. पाऊस थोडा ओसरला आहे.

तुमच्या भिंगाखाली काही हजार कड्या आहेत आणि त्यांतली प्रत्येक शेवटच्या दिवशी ज्या दिशेला होती त्याच दिशेला आहे. गोदामातली वर्षं, टेम्पोचे धक्के, पूर, यांतलं काहीही तिला उलटवू शकलेलं नाही. त्यासाठी तारांतून ठरावीक प्रवाहच हवा. आत काय आहे? कुणाच्या पगाराचा शेवटचा आकडा असेल, एखाद्या चाचणीचे ओळीने लिहिलेले एक-शून्य असतील, एखादा अर्धवट राहिलेला कार्यक्रम असेल. कुठल्याही रजिस्टरात नसलेली नोंद इथे असू शकते. म्हणून या चौकटीला बाकीच्या कार्डांचे नियम लागू नाहीत. जुन्या दस्तऐवजाला लावतो ते नियम इथे लावा.

ब्रश बाजूला ठेवा. ब्रशचा केस तारेत अडकला की तार ताणते, तार ताणली की कडीला टेकते, आणि फेराइट म्हणजे जणू भाजलेली माती. तिचा कपचा उडतो. कडी फुटली की तो बिट गेला. तिथे नवी कडी ओवायची म्हणजे त्या रांगेतल्या तारा सोडवून पुन्हा घालायच्या, आणि तसा हात असलेले लोक आज जगात मोजके आहेत. पाण्याची आंघोळ नाही. अल्ट्रासोनिक टाकी तर मुळीच नाही. अल्कोहोलही सरसकट नाही, कारण कित्येक जाळ्यांवर कड्या हलू नयेत म्हणून लाखेसारखा लेप दिलेला असतो, आणि तो विरघळला तर सगळी जाळी सैल पडते. आधी कोपऱ्यात, जिथे कडी नाही तिथे, काडीच्या टोकाने एक थेंब लावून बघा.

मग करायचं काय? कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी फुगा घ्या, वीतभर अंतरावरून हलकेच दाबा. सुटी धूळ उडेल, तेवढी पुरे. स्पंजचा लगदा लाकडी काडीने पत्र्यावरून उचला. जाळीत पडलेले तुकडे बोथट चिमट्याने, भिंगाखाली, तारेला न शिवता. कड्यांवर उरलेली कोरडी धूळ वीज वाहून नेत नाही, तिने काही बिघडत नाही. ती राहू द्या. जिला हात लावायचा मोह होतो पण जिच्यामुळे काही अडत नाही, ती घाण तशीच सोडणं हे या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे, आणि ते हात ब्रशवर बसल्यानंतर बऱ्याच काळाने येतं.

चौकटीच्या कडेचे सोल्डर-डाग मात्र तपासा. गंज पहिल्यांदा तिथे शिरतो, कारण जाळीची बारीक तार तिथे जाड पट्टीला भेटते. मल्टिमीटर ओहमवर लावून प्रत्येक आडवी आणि उभी तार या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजा. सगळ्या रांगांचा रोध जवळपास सारखा यायला हवा. एखादी तुटलेली दाखवली तर बहुतेक वेळा दोष त्या कडेच्या डागात असतो, जाळीत नसतो. मोजताना आतलं पुसलं जाईल अशी भीती नको. मीटर एखाद-दोन मिलिअँपिअरच देतो, आणि कडी उलटवायला शेकडो लागतात.

एवढं झालं की तुम्हाला वीज द्यावीशी वाटेल. देऊ नका. आधी पॉवर सप्लाय वेगळा काढून तपासायचा असतो. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर इतकी वर्षं निजून आहेत; त्यांच्यावर एकदम पूर्ण दाब आला तर ते फुटतात, आणि त्यांच्या मागचे व्होल्टेज भलतीकडे गेले की सगळी कार्डं एका क्षणात जातात. त्यांना व्हेरिअकने, म्हणजे दाब कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने, कमी दाबापासून हळूहळू वर न्यायचं, काही तास, प्रवाह मोजत. दुसरं असं की, कोअर पहिल्यांदा वाचली की आतलं पुसलं जाणार. परत लिहिणारं सर्किट बिघडलेलं असेल तर जुनी नोंद कायमची जाते. तेव्हा पहिल्या वाचनालाच तिसऱ्या तारेतला प्रत्येक ठोका बाहेरच्या उपकरणावर टिपून घ्यायची तयारी हवी. दुसरी संधी नाही.

हे कल्पनेचे इमले नाहीत. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं. त्याचे संगणक अटलांटिकच्या तळाशी सापडले, खाऱ्या पाण्यात काही आठवडे राहून. त्यांची स्मृती कोअरची होती. ती जपून साफ केली गेली, आणि शेवटच्या क्षणांची नोंद तिच्यातून वाचता आली.

आपल्याकडे काय झालं? मुंबई, ठाणे, पुण्यातल्या बँका, तेल कंपन्या, विमा, रेल्वे, संशोधन संस्था, यांच्याकडे कोअर मेमरीची यंत्रं होती. त्यांतली बरीचशी किलोच्या भावाने गेली. वजन पोलादी कपाटाचं झालं, आतल्या जाळीचं कुणी विचारलं नाही. मला याचं वाईट वाटतं, आणि ते थांबवता येण्यासारखं आहे असंही वाटतं, कारण थोडंफार अजून शिल्लक असणार. भिवंडीच्या पट्ट्यातली गोदामं ही या भागातल्या जुन्या मालाची शेवटची पायरी आहेत. इथून पुढे भट्टीच.

म्हणून गाळेवाल्यांना, भंगारवाल्यांना आणि टेम्पोतून माल उतरवणाऱ्या त्या दादांना विनंती आहे. त्या जाळीत सोनं नाही. तांबं आणि भाजलेली माती आहे, वितळवून चहाचेही पैसे सुटणार नाहीत. बारीक तारांची, काळ्या कड्यांची चौकट लॉटमध्ये दिसली तर ती फोडू नका, बाजूला काढा. सीएमसी, ईसीआयएल, भाभा अणुसंशोधन केंद्र, टाटा संस्था, आयुर्विमा किंवा रेल्वेच्या संगणक विभागातून निवृत्त झालेलं कुणी तुमच्या घरात असेल, तर माळ्यावरची पेटी एकदा खाली काढा आणि त्यांच्याच तोंडून ऐका की हे कार्ड कुठल्या यंत्राचं. ते लिहून कार्डासोबत ठेवा. पुसू नका, धुऊ नका. फोटो काढा, सिलिका जेलच्या पुड्या टाकून झाकणाच्या डब्यात बंद करा, आणि वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रासारख्या एखाद्या संग्रहालयाला कळवा. आणि जाणता माणूस येऊन बघेपर्यंत प्लग लावू नका.